एकटीची पृथ्वीप्रदक्षिणा: भारतीय पासपोर्टवर नऊ महिन्यांचा आराखडा

आपल्या प्रश्नाचा सारांश असा: आपले वय चौतीस आहे, पुण्यातील आयटी कंपनीत नऊ वर्षे नोकरी झाली आहे, हाताशी सुमारे २० लाखांची बचत आहे, आणि आता वर्षभर थांबून पाठीवर बॅग टाकून एकटीने जगाची फेरी मारायची आहे. आजवरचा परदेशप्रवास सिंगापूर आणि दुबई एवढाच आहे, आणि कॅलिफोर्नियात एक मामेबहीण राहते. ‘राउंड द वर्ल्ड’ तिकीट, म्हणजे जगाच्या पूर्ण फेरीचे एकच विमानतिकीट, घ्यावे का, पैसे पुरतील का, आणि नोकरी सोडण्याआधी काय करावे, असे आपण विचारले आहे.

लांब पल्ल्याचे प्रवास स्वतः केल्यानंतर आणि इतरांचे आखून दिल्यानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की, भारतीय पासपोर्टवर निघणाऱ्याने ही फेरी एका दमात करू नये. ती दोन टप्प्यांत करावी आणि मध्ये काही आठवडे घरी यावे. या सल्ल्याने बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण मनात चित्र असते ते मुंबईहून पूर्वेला निघून वर्षाने पश्चिमेकडून परतण्याचे. ते चित्र पुरे करता येते, पण वर्षभराच्या अखंड प्रवासात नाही. त्याचे कारण व्हिसाच्या नियमांत आहे.

युरोपीय किंवा अमेरिकी प्रवाशांच्या अनुभवांवरून आपण नियोजन केले, तर पहिल्याच पायरीवर अडखळाल. त्यांना बहुतेक देशांत विमानतळावर शिक्का मिळतो; आपल्याला आधी अर्ज करावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा आपण जेथे कायदेशीर रहिवासी आहोत तेथूनच. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या तारखेपूर्वी सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि पर्यटक म्हणून कोलंबियातील बोगोटा किंवा पेरूतील लिमा येथे असताना तो स्वीकारला जाईल याचा भरवसा धरता येत नाही. म्हणजे जानेवारीत घर सोडून नोव्हेंबरात युरोपात पोहोचायचे ठरवले, तर युरोपचा व्हिसा निघण्यापूर्वी मिळू शकत नाही आणि वाटेतही तो मिळणे कठीण. शिवाय अर्ज विचाराधीन असेपर्यंत पासपोर्ट वकिलातीकडे राहतो, त्यामुळे एकाच वेळी चार देशांचे व्हिसा मागता येत नाहीत. यासाठी आधी देशांची यादी करून मग व्हिसा पाहण्यापेक्षा व्हिसाच्या मुदतींवरून मार्ग ठरवावा.

आपल्या बाबतीत सर्वांत आधी हाती घ्यायचे काम म्हणजे अमेरिकेचा बी-१/बी-२, अर्थात व्यवसाय-पर्यटन व्हिसा. भारतीयांना तो साधारणतः दहा वर्षांसाठी आणि अनेक प्रवेशांसाठी दिला जातो, त्याचे शुल्क १८५ डॉलर आहे, आणि मुलाखतीची तारीख मिळण्यास कित्येक महिने लागू शकतात. या व्हिसाचे खरे मोल अमेरिकेबाहेर आहे. वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही आणि तेथे १८० दिवसांपर्यंत राहता येते. अमेरिकी व्हिसाची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असेल, तर पर्यटनासाठी कोलंबिया आणि पेरू यांचीही दारे उघडतात. जॉर्जियासारखे काही देश याच व्हिसावर प्रवेश देतात. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी व्हिसा लागतो, आणि लॅटिन अमेरिकेची अनेक स्वस्त विमाने अमेरिकेतूनच जातात, हा आणखी एक मुद्दा. आपल्या मामेबहिणीकडे आठवडाभर राहणे हा अर्जात सांगण्याजोगा खराखुरा हेतू आहे. हा अर्ज नोकरीत असताना करावा, कारण पगारपत्रके, प्राप्तिकर विवरणपत्रे आणि कंपनीचे पत्र जवळ असते. मात्र राजीनामा देण्याचे पक्के ठरले असताना मुलाखतीत ‘परतून याच नोकरीवर रुजू होणार’ असे सांगू नये. त्याऐवजी कंपनीकडे बिनपगारी दीर्घ रजा मागून पाहावी. ती मिळाली, तर रजेचे पत्र पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात उपयोगी पडते. नाही मिळाली, तर वस्तुस्थिती सांगावी आणि घर, आई-वडील, मुदत ठेवी अशा परतण्याच्या कारणांची कागदपत्रे जोडावीत.

या सगळ्यावरून मी आखलेला मार्ग असा. पहिला टप्पा डिसेंबर आणि जानेवारी असे साठ दिवस आग्नेय आशियात: व्हिएतनाम, थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया. व्हिएतनामचा ई-व्हिसा नव्वद दिवसांपर्यंतचा मिळतो, इंडोनेशियात आगमनानंतर तीस दिवसांचा व्हिसा घेता येतो, आणि थायलंड व मलेशियाने अलीकडच्या वर्षांत भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश दिला आहे. अशा सवलती मुदतीच्या आणि बदलत्या असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करावी. इंडोनेशियात त्या दिवसांत पावसाळा असतो, तेव्हा तेथे कमी दिवस ठेवून उत्तर व्हिएतनामला अधिक द्यावेत. हा टप्पा पहिला ठेवण्यामागे एक हेतू आहे. एकटीने महिनोन्‌महिने राहणे आपल्याला मानवते का, बॅग किती जड झाली आहे, रोज नवी खोली शोधण्याचा कंटाळा कितव्या आठवड्यात येतो, हे घरापासून चार-पाच तासांच्या विमानप्रवासाच्या अंतरावर कळलेले बरे.

फेब्रुवारीत घरी यावे. या मुक्कामात शेंगेन आणि जपान असे दोन व्हिसा मिळवायचे आहेत. युरोपात १० ऑगस्टच्या आसपास उतरायचे असेल, तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात केलेला अर्ज सहा महिन्यांच्या मर्यादेत बसतो. निर्णयाला साधारणतः पंधरा दिवस धरलेले असतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. त्यामुळे अर्ज देण्याच्या भेटीची तारीख आग्नेय आशियात असतानाच ऑनलाइन ठरवून ठेवावी. जेथे सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा अनिवार्य आहे. पहिल्याच अर्जावर लांब मुदतीचा व्हिसा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. बहुधा आपण दाखवलेल्या तारखांपुरताच तो मिळतो. जपानचा नव्वद दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा भारतात राहणाऱ्यांना उपलब्ध आहे, आणि तो मिळाल्यापासून तीन महिन्यांत प्रवेश करावा लागतो, म्हणून जपान दुसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीलाच ठेवले आहे.

मग २५ मार्चच्या सुमारास खरी प्रदक्षिणा सुरू होते. प्रथम जपान, तोक्योत साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, बहर सहसा मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असतो आणि तेव्हा खोल्या महाग असतात, तेव्हा चौदा दिवस पुरेत. पुढे प्रशांत महासागर ओलांडून कॅलिफोर्नियात आठवडाभर, एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत मेक्सिको, जूनमध्ये कोलंबिया, आणि जुलैपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरू. कोलंबियाच्या डोंगराळ भागात एप्रिल-मे पावसाचे असतात, म्हणून तो देश जूनमध्ये ठेवला. पेरूच्या अँडीज पर्वतात मे ते सप्टेंबर कोरडा ऋतू असतो. तेथे २८ आणि २९ जुलैला राष्ट्रीय दिनाच्या सुट्ट्या असतात आणि सारा देश प्रवासाला निघतो, म्हणून त्या आठवड्यात एकाच गावी थांबावे. लिमाहून माद्रिदला थेट विमान आहे. अटलांटिक ओलांडून वीस दिवस युरोपात, आणि ऑगस्ट संपण्यापूर्वी मुंबईत. गौरी-गणपतीला घरी असाल, हे आईला सांगितल्यास परवानगीचा निम्मा प्रश्न सुटेल असे मला वाटते.

आता तिकिटाविषयी. स्टार अलायन्स आणि वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या संघांची ‘राउंड द वर्ल्ड’ तिकिटे मिळतात. त्यांच्या अटी साधारणतः अशा: प्रवास एकाच दिशेने व्हावा, अटलांटिक आणि प्रशांत हे दोन्ही महासागर एकेकदा ओलांडावेत, निघालेल्या देशातच परतावे आणि सारे एका वर्षात संपवावे, वनवर्ल्डच्या खंडांवर आधारित तिकिटात जास्तीत जास्त सोळा उड्डाणे असतात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये असल्यामुळे मुंबईहून हे तिकीट बांधणे सोयीचे आहे. तारीख बदलणे सहसा सोपे असते, मार्ग बदलायचा म्हटला की शुल्क आणि फरकाची रक्कम पडते. ज्याचा एक व्हिसा नाकारला गेला तर सारा मार्ग बदलणार, त्याने मार्गात अडकवणारे तिकीट घेऊ नये, असे माझे मत आहे. आपल्याला चार मोठी उड्डाणे लागतात, म्हणजे मुंबई-तोक्यो, तोक्यो-कॅलिफोर्निया, लिमा-माद्रिद आणि युरोप-मुंबई. ती सुटी काढावीत आणि बाकी प्रवास बस व स्थानिक विमानांनी करावा. एकेरी तिकिटांची एक अडचण मात्र आहे. पुढे बाहेर पडण्याचे तिकीट दाखवल्याशिवाय अनेकदा विमान कंपनी चेक-इनच्या खिडकीवरच अडवते. अशा वेळी रद्द करून पूर्ण पैसे परत मिळतील असे खरे तिकीट काढावे. बनावट आरक्षण छापून देणाऱ्या संकेतस्थळांच्या वाटेला जाऊ नये.

पैशांचा हिशेब मी दररोजच्या खर्चावर मांडते. डॉर्ममधील खाट, साधे जेवण, स्थानिक वाहतूक आणि अधूनमधून एखादे महाग तिकीट धरून माझा अंदाज असा आहे: आग्नेय आशियात दिवसाला ३,५०० रुपये, लॅटिन अमेरिकेत ५,०००, जपान आणि युरोपात ८,५००. आपल्या मूळ आराखड्यात जपान वीस आणि युरोप पस्तीस दिवसांचे होते. त्या हिशेबाने आग्नेय आशियाचे साठ दिवस २.१ लाख, जपान १.७ लाख, कॅलिफोर्निया धरून अमेरिका खंडांचे १२० दिवस ६ लाख आणि युरोप जवळपास ३ लाख होतात. त्यात विमानांचे साडेतीन लाख आणि व्हिसा, विमा, लसी यांचे सव्वा लाख मिळवले, की बेरीज साडेसतरा लाखांवर जाते. रक्कम २० लाखांच्या आत आहे, पण परतल्यावर नवी नोकरी मिळेपर्यंतच्या सहा महिन्यांसाठी किमान ४ लाख बाजूला हवेत, आणि त्यांना प्रवासात हात लावायचा नाही. म्हणून मी जपान चौदा आणि युरोप वीस दिवसांवर आणले. खर्च पावणेसोळा लाखांवर येतो. काटकसर रोजच्या जेवणात करण्यापेक्षा महाग देशांतील दिवस कमी करून करावी. दोन चांगली जेवणे वाचवून वाचतात शंभर-दोनशे रुपये, पण चौथ्या महिन्यात त्याच उपासमारीने प्रवास नकोसा होतो.

परदेशात पैसे नेण्याच्या नियमांतही दोन टप्प्यांचा फायदा होतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, त्यामुळे मर्यादेची चिंता नाही. परंतु एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाखांपुढे गेलेल्या रकमेवर प्रवासासाठी २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने रक्कम पाठवतानाच वसूल केलेला आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, तरी ऐन प्रवासात पैसे अडकतात. आपला आग्नेय आशियाचा आणि जपानचा सुरुवातीचा खर्च मार्चपूर्वीच्या वर्षात आणि उरलेला एप्रिलनंतरच्या वर्षात जातो, म्हणून फॉरेक्स कार्डावर टप्प्याटप्प्याने रक्कम भरल्यास दोन्ही वर्षांत १० लाखांच्या आत राहता येते. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे ठेवावीत आणि त्यांतील एक चलन-अधिभार न लावणारे असावे. दुकानात किंवा एटीएमवर ‘रुपयांत आकारू का’ असे यंत्राने विचारल्यास नेहमी नकार देऊन स्थानिक चलन निवडावे. बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो. सिम बंद पडले तर बँकखात्याचे दारच बंद होते. त्यामुळे रोमिंगवर संदेश येतात याची खात्री पहिल्या टप्प्यात करून घ्यावी आणि रिचार्ज चालू ठेवण्याची जबाबदारी घरातील एकावर सोपवावी.

विम्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि येथेच मोठे नुकसान होऊ शकते. भारतीय कंपन्यांच्या एका प्रवासाच्या पॉलिसी सामान्यतः १८० दिवसांपर्यंतच्या असतात. ‘वार्षिक’ पॉलिसीत वर्ष कितीही फेऱ्यांचे असले तरी प्रत्येक फेरीला तीस, पंचेचाळीस किंवा साठ दिवसांची मर्यादा असते. पॉलिसी भारतातून निघण्यापूर्वी घ्यावी लागते. आपले टप्पे साठ आणि सुमारे १५५ दिवसांचे असल्याने दोन्हींना साधी पॉलिसी पुरते. कलमांत ट्रेकिंगची उंची आणि दुचाकी या दोन गोष्टी शोधून वाचाव्यात. व्हिएतनाममध्ये भाड्याची मोटारसायकल घेण्याचा मोह होईल, परंतु आपल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या करारानुसार असतो आणि व्हिएतनाम तो मानत नाही. परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

राजीनाम्याबरोबर कंपनीचा गटविमाही संपतो, आणि त्यात आपले आई-वडील समाविष्ट असतील तर त्यांचेही संरक्षण त्याच दिवशी जाते. मुलगी पेरूमध्ये असताना वडिलांच्या अँजिओप्लास्टीचा खर्च कोण देणार, हा प्रश्न निघण्यापूर्वी सुटलेला असावा. वैयक्तिक आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो. म्हणून राजीनाम्यापूर्वीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येते का, हे लेखी विचारावे. तसे झाल्यास झालेला प्रतीक्षाकाळ सहसा धरला जातो. भविष्य निर्वाह निधी मोडू नये. खाते तसेच राहू द्यावे. त्यावर व्याज मिळत राहते.

आरोग्याच्या बाबतीत दोन गोष्टी. पीतज्वराची लस केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रांतच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि आयुष्यभर चालते. कोलंबिया किंवा पेरूहून अचानक थेट घरी यावे लागले आणि हे प्रमाणपत्र नसले, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. दुसरी गोष्ट उंचीची. आपण दर रविवारी सह्याद्रीत जाता असे लिहिले आहे, पण कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि पेरूतील कुस्को शहर सुमारे ३,४०० मीटर. पायांची ताकद येथे कामी येत नाही. शरीराला वेळच द्यावा लागतो. लिमाहून थेट कुस्कोला विमानाने जाण्याऐवजी सुमारे २,३०० मीटरवरील आरेकिपा येथे काही दिवस राहून वर जावे, आणि कुस्कोत पोहोचल्यावर पहिल्या रात्री शेजारच्या खोऱ्यात, ओयांतायतांबोच्या बाजूला, खाली मुक्काम करावा. माचू पिचू हे इंकांचे प्राचीन नगर त्याहून खाली, सुमारे २,४०० मीटरवर आहे. त्याची तिकिटे वेळेनुसार मर्यादित असतात. तेथे पायी नेणाऱ्या इंका ट्रेलवर हमाल आणि वाटाडे धरून दिवसाला सुमारे ५०० जणांनाच जाता येते आणि ते परवाने कित्येक महिने आधी संपतात. ट्रेक करायचा असेल तर फेब्रुवारीच्या घरच्या मुक्कामातच ठरवावे.

एकट्या स्त्रीच्या सुरक्षिततेबद्दल आपण काळजीने विचारले आहे. नव्या शहरात दिवसाउजेडी उतरावे, पहिल्या दोन रात्रींची खोली आधी ठरवावी, मोठ्या शहरांत रस्त्यावरची टॅक्सी थांबवण्याऐवजी ॲपवरून बोलवावी, आणि घरच्यांपैकी एकाच व्यक्तीला दर आठवड्याचा मुक्काम कळवावा. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेत इंग्रजीवर भागत नाही, म्हणून निघण्यापूर्वी तीन महिने स्पॅनिशची शिकवणी लावावी. भाव करण्यापासून पोलिसात तक्रार देण्यापर्यंत तिचा उपयोग होतो. शाकाहारी असाल तर हेही स्पॅनिशमध्येच समजावून सांगावे लागेल, कारण मेक्सिकोत कडधान्याच्या भाजीतही कधी कधी डुकराची चरबी असते. जपानमध्ये तीच अडचण माशाच्या अर्काची, म्हणजे दाशीची.

मला मात्र चोरांपेक्षा जास्त भीती पासपोर्ट हरवण्याची वाटते. तो परदेशात हरवला, तर भारतीय दूतावास तातडीचे प्रमाणपत्र देतो, पण त्यावर फक्त भारतात परतता येते. नवा पासपोर्ट मिळाला, तरी जुन्यात चिकटवलेले अमेरिकी आणि शेंगेन व्हिसा गेलेले असतात आणि त्यांच्या आधारावरचे मेक्सिको, कोलंबिया आणि पेरूही. म्हणून पासपोर्ट रात्रीच्या बसमध्ये कपड्यांच्या आत, अंगावर असावा, आणि हॉस्टेलात कुलूपबंद. तोक्यो, मेक्सिको सिटी, बोगोटा, लिमा आणि माद्रिद या सर्व ठिकाणी आपले दूतावास आहेत. त्यांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत.

आपण यंदाच्या डिसेंबरात निघण्याचे म्हणता. अमेरिकी व्हिसाची मुलाखत अजून झालेली नसेल, तर तो बेत पुढच्या डिसेंबरात ढकलावा आणि राजीनामा तोवर देऊ नये. या आठवड्यात पासपोर्टची मुदत पाहावी. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने ती शिल्लक हवी. पाने कमी उरली असतील, तर आधी साठ पानांचा नवा पासपोर्ट काढावा आणि त्याच क्रमांकावर अमेरिकी व्हिसाचा अर्ज भरावा.